दार लावा, पण सांगा

मी राजकारणात कशी आले असं कुणी विचारलं की मी सांगते, ॲसिडमुळे. ऐकणारा दचकतो. मला ते दचकणं आवडतं, म्हणून मी गोष्ट थोडी थांबवून सांगते.

आमच्या गावातल्या महिला दूध संस्थेची मी अध्यक्ष होते. संस्थेत दुधाचं फॅट काढायचं काम सचिवाकडं. काचेच्या नळीत दुधाचा नमुना घ्यायचा, त्यात ॲसिड सोडायचं, नळी यंत्रात फिरवायची आणि वर आलेला स्निग्धांश नळीवरच्या रेघांवर वाचायचा. त्या वाचण्यावर प्रत्येकीनं आणलेल्या दुधाचा भाव ठरे. सचिव हे सगळं एका पडद्यामागं करी. कुणी पडद्याजवळ गेलं की आतून आवाज येई, "मागं सरा बायांनो. ॲसिड हाय. डोळा गेला तर मला बोलू नका."

धोका खोटा नव्हता. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. त्या ॲसिडनं टेबलाचं लाकूड काळं पडलेलं मी पाहिलं होतं. पण धोका खरा आहे म्हणून पडद्यामागं जे चाललंय तेही खरं आहे, असं मानायला माझं मन तयार होईना. दुष्काळ होता, चारा नव्हता, जनावरं वाळली होती. फॅट कमी येणारच. पण प्रत्येकीचंच कमी, आणि रोज कमी?

वार्षिक सभेत मी विषय काढला. पुरुषांच्या संस्थांमध्ये वार्षिक सभा म्हणजे "मंजूर, मंजूर" ओरडायचं आणि चिवडा खाऊन घरी जायचं. आमच्या बायांना चिवडा घरचा असल्यामुळं घाई नव्हती. आम्ही ठरवलं की रोज दोघीजणी डोळ्यांना चष्मे लावून पडद्यामागं उभ्या राहतील. पडदा बंदच राहील. कुणाच्या दुधाला किती लागलं हे त्या बाहेर बोलणार नाहीत. तपासणी नीट झाली की नाही, एवढंच सांगतील. सचिवाला राग आला. "माझ्यावर भरवसा न्हाई का?" तो म्हणाला. मी म्हटलं, "भरवसा आहे म्हणून दोघीच येतायत. नसता तर सगळी सभा पडद्यामागं आली असती."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या म्हशींचं फॅट वाढलं. चारा तोच, दुष्काळ तोच. सचिवाला आम्ही एका शब्दानं बोललो नाही, त्यानंही विषय काढला नाही, आणि तो पुढं कितीतरी वर्षं चांगलं काम करत राहिला.

या प्रकरणाचा बोभाटा झाला आणि पुढच्या निवडणुकीत पक्षानं मला तिकीट दिलं. त्यांना एक बाई हवी होती. दूधवाली आहे, निवडून आली तर गप्प बसेल, असा त्यांचा अंदाज होता. निवडून आले, एवढाच भाग त्यांना बरोबर आला.

विधानसभेत पहिल्या दिवशी सगळ्यांना एक पिशवी मिळते. तिच्यात नियमांचं पुस्तक असतं. आमच्या बाकावरच्या पुष्कळांनी ते पिशवीतून कधी काढलं नाही. मला मात्र संस्थेचे उपविधी पाठ करायची खोड होती. मी ते पुस्तक आमदार निवासात पडल्या पडल्या कादंबरी वाचावी तसं वाचून काढलं. सभागृहात मंत्री बोलता बोलता काय सहज कबूल करून जातात आणि त्याचं पुढं काय होतं, ते प्रकरण मी दोनदा वाचलं.

मग दुसरा दुष्काळ आला. पहिल्यापेक्षा वाईट. आमच्या भागातलं धरण तळाला गेलं. हे धरण बांधताना एक गाव पाण्याखाली गेलं होतं. त्या गावच्या लोकांना सिरसाळ्याच्या अलीकडं माळावर नवं गाव मिळालं, पत्र्याचं नवं देऊळही मिळालं. जुनं दगडी महादेवाचं देऊळ मात्र पाण्यात राहिलं. त्या वर्षी आधी त्याचा कळस दिसला, मग मंडप, मग गळ्यापर्यंत गाळात बसलेला नंदी. पाणी गेलं म्हणून रडावं की देव दिसला म्हणून हात जोडावेत, हे लोकांना कळेना. त्यांनी दोन्ही केलं. चैत्रातली जत्रा यंदा जुन्या देवळातच भरवायची असं ठरलं. गेवराईकडं, बीडकडं पांगलेली घरंसुद्धा त्या दिवशी धरणाच्या तळात उतरली.

या जत्रेत पालखी उठायच्या आधी उखळ उडवायची रीत आहे. उखळ म्हणजे वीतभर उंचीचं, जाड बुडाचं लोखंडी भांडं. त्यात दारू ठासायची, वात लावायची आणि लांब पळायचं. आवाज झाला की पालखी उठते. उखळ उडवायचा मान त्या गावच्या एका वाणी घराण्याकडं. घराण्यातल्या त्या वेळच्या कर्त्या माणसाला सगळे अप्पा म्हणत. सिरसाळ्यात त्यांचं किराणा दुकान होतं. धरणग्रस्तांच्या उपसा सिंचन संस्थेचे ते चेअरमनही होते, आणि त्या उन्हाळ्यात त्यांनी एका कार्यालयासमोर ठिय्या दिला होता. धरणात उरलेलं पाणी काही बड्यांचे पंप चोरून ओढतायत, ते बंद करा, ही मागणी. मागणी खरी होती. पंप चालूच राहिले.

आता चूक कुठं झाली ते सांगते. जुन्या गावात उखळ ठेवायची जागा ठरलेली होती, देवळासमोरच्या टेकाडावर. धरण बांधताना ते टेकाड भिंतीत गेलं. दुसऱ्या कुणी जागा बदलली असती. अप्पा बदलणाऱ्यांतले नव्हते. आजोबांनी जिथं उडवलं तिथंच मी उडवणार, म्हणून ते उखळ घेऊन थेट धरणाच्या भिंतीच्या पायथ्याशी गेले. तिथं 'प्रवेश निषिद्ध' अशी पाटी होती. देशात तेव्हा कुठं कुठं स्फोट होत होते आणि मोठ्या धरणांवर पहारे बसवले होते. अप्पांनी पाटीच्या सावलीत वात लावली.

भिंतीवर आपटून आवाज असा घुमला की जत्रेतली पोरं टाळ्या पिटायला लागली. पालखी उठली. पालखी देवळाला वळसा घालून येईपर्यंत पोलिसांची गाडी आली होती.

मला वाटलं, दारू उडवली म्हणून दंड होईल, फार तर खटला होईल. पण त्यांना राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली स्थानबद्ध केलं. म्हणजे खटला नाही, साक्षीपुरावा नाही, जामीन नाही. वर्षभरापर्यंत आत ठेवायची मुभा. हातात एक कागद दिला. महत्त्वाच्या प्रकल्पाला धोका निर्माण केला, एवढं त्यात होतं. बाकीची माहिती लोकहितासाठी सांगता येत नाही, असं खाली लिहिलेलं. सल्लागार मंडळापुढं उभं केलं, तिथं वकील चालत नाही. अप्पा म्हणत राहिले, "साहेब, उखळ हाय ते, देवाचं." मंडळापुढच्या कागदात 'लोखंडी नळीसदृश स्फोटक साधन' होतं. कागदाचं खरं ठरलं.

त्यांची बायको माझ्या ओसरीवर येऊन बसली. पाणी दिलं ते प्याली नाही.

"ताई, आमच्या मालकांनी खून केला असता तर तारीख तरी पडली असती," ती म्हणाली. "आता लोक इचारतेत काय केलं, तर मला सांगता येत न्हाई. गिऱ्हाईक दुकानात यायला भेतंय."

मला राग आला. असा राग आला की मी तिच्या देखतच जिल्ह्याच्या एका साहेबांना फोन लावला.

"मॅडम, सुरक्षेचा विषय आहे. फोनवर बोलता येणार नाही."

"मग समोर येते."

"समोरही बोलता येणार नाही."

एवढी साफ आणि सभ्य नकारघंटा मी आयुष्यात दुसरी ऐकली नाही.

अधिवेशन चालू होतं. मी लक्षवेधी सूचना दिली. आमच्या पक्षाच्या एका ज्येष्ठांनी मला लॉबीत गाठलं. "ताई, सरकार आपलंच आहे," ते म्हणाले. मी म्हटलं, "म्हणून तर विचारतेय. त्यांचं असतं तर तुम्हीच मला पुढं केलं असतं." ते हसले आणि चहाला गेले. आडवे आले नाहीत, हे त्यांचे उपकार मी मानते.

गृहखात्याच्या मंत्र्यांनी निवेदन वाचलं. कायद्यानुसार कारवाई झाली आहे, कारणं उघड करणं राष्ट्रीय सुरक्षेच्या दृष्टीनं उचित नाही. मी उठले. सभागृहात अर्धे लोक गप्पा मारत होते. सत्ताधारी बाकावरची बाई काय विचारणार, असा त्यांचा समज.

मी म्हटलं, "अध्यक्ष महाराज, कारण सभागृहाला सांगू नका. मी कारण विचारतच नाही. माझा प्रश्न साधा आहे. जे स्फोटक साधन जप्त केलं म्हणता, ते मंत्रिमहोदयांनी स्वतः पाहिलं आहे का?"

मंत्र्यांनी अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडं पाहिलं. तिथून चिठ्ठी आली. चिठ्ठीत बहुधा मोठं उत्तर होतं, कारण ते वाचायला त्यांना वेळ लागला. शेवटी त्यांनी ती खाली ठेवली आणि मला गप्प करण्यासाठी म्हणाले, "मी तपासून घेतो."

मी बसले. विरोधी बाकावरचे एक जण माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, काहीच मिळालं नाही तुम्हाला." मी म्हटलं, "मिळालं."

मंत्री सभागृहात "तपासून घेतो" म्हणाले की ते आश्वासन होतं. आश्वासनांची वेगळी समिती असते. मंत्री काय बोलले आणि मग काय केलं, हे ती समिती विचारते. ती खात्याच्या अधिकाऱ्यांना समोर बोलावते, लागलं तर दौऱ्यावर जाऊन स्वतः पाहते. मंत्र्यांना वाटतं आपण विषय मिटवला. खरं तर तिथंच तो सुरू झालेला असतो.

समितीचे प्रमुख विरोधी पक्षातले जुने सदस्य होते. आमचं कधी पटलं नव्हतं. एकदा दुधाच्या भावावरून मी त्यांना भर सभागृहात बोलले होते. त्यांच्याकडं गेले तेव्हा ते चष्म्यावरून पाहत म्हणाले, "आमच्याकडं वर्षानुवर्षांची आश्वासनं पडून आहेत. तुमचं वर कसं काढू? आणि खातं म्हणणार, सुरक्षेचा विषय आहे."

मी त्यांना ॲसिडची गोष्ट सांगितली. पडदा बंद, चष्मे लावलेल्या दोघी आत, बाहेर फक्त एवढंच की तपासणी झाली. "तुमची समिती बंद दाराआडच बसते," मी म्हटलं. "तुम्ही सगळ्यांनी शपथ घेतलीय. गुपित असेल तर दार लावा. पण दार लावून सांगा म्हणावं. दार लावायचं आणि सांगायचंही नाही, हे कुठलं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तुमचा तो सचिव कुठल्या पक्षाचा होता?" मी म्हटलं, "सगळ्यांचा." त्यांनी समितीचा बीड दौरा लावला.

उन्हाळा संपत आला होता आणि पाऊस अजून नव्हता. विश्रामगृहावर टँकरनं पाणी आणलं होतं. समितीचे सदस्य, खात्याचे अधिकारी, आणि शेवटी दोन शिपायांनी सांभाळून आणलेलं, कपड्यात बांधून लाख लावलेलं एक गाठोडं, असे सगळे आत गेले. दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज मी ऐकला. मी समितीची सदस्य नव्हते, त्यामुळं व्हरांड्यात बसले. अप्पांची बायको समोरच्या लिंबाखाली बसली होती. ती उठून माझ्याजवळ आली.

"ताई, तुमी आत कावून न्हाई?"

"मी त्या समितीत नाही."

"मंग तुमचा काय उपेग?"

उत्तर नव्हतं असं नाही. दार लावा हे मीच सुचवलं होतं. आता ते माझ्याच तोंडावर लागलं म्हणून कुरकुर कशी करणार? पण नवरा जेलात असलेल्या बाईला हे कसं सांगायचं? मी तिला म्हटलं, "बस." ती माझ्या शेजारी बसली. आम्ही दोघी त्या दाराकडं पाहत राहिलो.

थोड्या वेळानं आतून हसण्याचा आवाज आला. आधी एकाचा, मग तिघाचौघांचा. मोकळं हसणं होतं. समितीत गावाकडची माणसं होती, त्यांच्या जत्रांत उखळं उडत असणार. गाठोडं सुटलं, हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं. अप्पांच्या बायकोलाही कळलं. तिनं तोंडावर पदर धरला आणि मला वाटलं ती रडतेय, पण तीही हसत होती. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा माझ्या हातचं पाणी घेतलं.

मला वाटलं, आता दार उघडेल. उघडलं नाही. हसणं थांबलं आणि मग खूप वेळ हळू आवाजात बोलणं चाललं. एकदा समितीप्रमुखांचा आवाज चढला, शब्द कळले नाहीत. उखळ पाहून झालं होतं, तरी सांगण्यासारखं अजून काहीतरी होतं. ते काय होतं, धरणाच्या पहाऱ्याचं खरंच काही होतं की त्या चालू पंपांचं, हे मला आजतागायत माहीत नाही.

दार उघडलं तेव्हा समितीप्रमुख घाम पुसत बाहेर आले. त्यांनी आमच्या दोघींकडं पाहिलं. "तपासलं," ते म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. माझ्या विरोधी पक्षातला हा माणूस त्या दिवशी मला लई आवडला. त्यानंतर आमचं पुन्हा कधी पटलं नाही, ती गोष्ट वेगळी.

काही आठवड्यांत शासनानं आदेश मागं घेतला आणि अप्पा सुटले. विधिमंडळाच्या कागदात 'आश्वासनाची पूर्तता झाली' अशी नोंद झाली. मी खूश होते, आणि ते लपवायचं मला काही कारण वाटलं नाही. एक दूधवाली बाई, एक नियमांचं पुस्तक, आणि माणूस घरी. संस्थेच्या बायांनी मला हार घातला, तो मी घालू दिला.

अप्पा भेटायला आले तेव्हा परतीच्या पावसानं धरणात थोडं पाणी आलं होतं आणि देऊळ पुन्हा गेलं होतं. ते वाळले होते. बायको बरोबर होती. मी चहा ठेवला. इकडचं तिकडचं झालं. उखळ परत मिळाल्याचं त्यांनी सांगितलं, बरोबर तो कपडासुद्धा दिला म्हणाले. मग कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "ताई, त्या खोलीत माझ्याबद्दल काय बोलले?"

"मला माहीत नाही, अप्पा."

"तुमी तर बाहीरच बसल्या व्हत्या."

"बाहेर होते. आतलं त्यांनी मला सांगितलं नाही. सांगायचं नसतं."

ते मान हलवत राहिले. रागावले नव्हते. हिशेब लागत नसला की दुकानदार जसा बसतो तसे बसले होते.

"म्हंजे साहेबाला माहीत, मंत्र्याला माहीत, कमिटीला माहीत," ते म्हणाले. "मी आत कावून गेलतो, ते समद्यांला माहीत हाय. मला सोडून."

मी आयुष्यात पुष्कळ टोमणे ऐकलेत आणि त्याहून जास्त परत केलेत. हे मला परत करता आलं नाही, कारण हा टोमणाच नव्हता. आमच्या दूध संस्थेत पडदा बंद असला तरी जिचं दूध, तिला तिचं फॅट कळत होतं. दुसऱ्यांचं नाही, पण तिचं तिला. एवढी साधी गोष्ट मी समितीप्रमुखांना सांगायची विसरले नव्हते. ती मला सुचलीच नव्हती. अप्पा गेले तरी ते वाक्य माझ्या घरातून जाईना.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात गृहखात्याच्या पुरवणी मागण्या आल्या. मी बोलायला वेळ मागितला. आमच्या ज्येष्ठांनी या वेळी मला लॉबीत गाठलंसुद्धा नाही, लांबूनच हात जोडले. मी उभी राहिले. गाव सांगितलं नाही, माणूस सांगितला नाही. म्हटलं, एका माणसाला देशाच्या सुरक्षेसाठी आत ठेवलं, मग सोडलं, आणि घरी आल्यावर तो मला असं म्हणाला. आणि अप्पांचं वाक्य त्यांच्याच बोलीत, जसंच्या तसं म्हटलं. मुंबईचे दोघं-तिघं 'गेलतो'वर हसले, मग बाकीचे हसत नाहीत हे पाहून थांबले.

मी विचारलं, "जगाला सांगू नका. सभागृहालाही सांगू नका. पण सुटल्यावर त्या माणसाला एकट्याला बोलावून, दार लावून, त्याचं त्याला सांगायची काही सोय सरकार करणार आहे का?"

मंत्री तेच होते. त्यांनी गॅलरीकडं पाहिलं. या वेळी तिथून चिठ्ठी आली नाही. ते उठले, माझ्याकडं पाहून थोडं हसले आणि विषय मिटवावा तसं म्हणाले, "तपासून घेतो."

मी "धन्यवाद, अध्यक्ष महाराज" म्हणून खाली बसले. पलीकडच्या बाकावर आश्वासन समितीच्या प्रमुखांनी खिशातून पेन काढलं होतं.